बिनपरीक्षेची

आमच्या सोनाळ्यात लेकराचं कौतुक तोंडावर करायची पद्धत नव्हती. गोरंगोमटं पोर झालं की नाव काळू, दोन गेल्यावर तिसरं जगलं की नाव दगडू, आणि बाळंतिणीला भेटायला आलेल्या बाईनं पाळण्यात डोकावून "माय वो, काय ध्यान हाय हे!" म्हटलं की आई मनातून सुखावायची. उलट एखादी नवखी पाहुणी "किती गोड!" म्हणाली, की ती उंबरठ्याबाहेर पडते न पडते तोच मीठ-मोहरी आणि लाल मिरच्या पोरावरून उतरून चुलीत पडायच्या. मिरच्यांचा ठसका लागला तर समजायचं की काही झालेलं नाही, आणि ठसका लागला नाही तर नजर कडक लागली होती. यात कोणालाच शंका नव्हती, शाळेच्या हेडगुरुजींनासुद्धा नाही. माझे बाबा तर या बाबतीत गावाचे पुढारी. मला ते 'बयताड' म्हणत. बयताड म्हणजे येडपट, अर्धं डोकं रानात विसरून आलेली. "ए बयताडे, पाणी आन." "बयताडे, पुरे झालं वाचणं, कंदिलातलं तेल सरलं." इंदू हे माझं खरं नाव शाळेच्या हजेरीतच काय ते ऐकू यायचं. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही असं मी जन्मभर लोकांना सांगत आले. खोटं आहे ते. वाटायचं. पद्धत ठाऊक असली म्हणून काय झालं, एकदा तरी बाबांनी आपल्याला बरं म्हणावं असं फार वाटायचं.

घरात मी एकटीच अशी नव्हते, एवढंच समाधान. आमचा पवळ्या नावाचा बैल होता. तांबूस अंगाचा, देखणा, शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, धावला की बघणाऱ्यांचे फेटे उडायचे. पंचक्रोशीतल्या शंकरपटात तो पहिला आला, आणि दुसऱ्याच दिवसापासून गिऱ्हाइकं आमच्या अंगणात. बाबा बाजेवर बसून सुपारी कातरत म्हणायचे, "कायले घेता राजेहो? मरतुकडा हाय. खाते फक्त." की समोरचा माणूस भाव वाढवायचा. बाबांनी त्याला कधी विकला नाही. मरतुकडा म्हणत म्हणत त्याला सरकी चारायचे, आणि तो आजारी पडला तेव्हा स्वतः जेवले नव्हते.

घर धाब्याचं, मातीच्या सपाट छताचं. उन्हाळ्यात आम्ही सगळे वर धाब्यावर झोपायचो आणि सातपुड्याकडून येणारा वारा पहाटे पांघरूण ओढायला लावायचा. खाली मायचं जातं सुरू झालं की उठायची वेळ झाली. मग बाबांचं खाकरणं, मग गोठ्यातल्या घंटा, आणि या सगळ्यांवर ताण म्हणजे गोदाआत्याचा आवाज. गोदाआत्या बाबांची मोठी बहीण, लवकर विधवा होऊन माहेरी आलेली. घरातला कारभार मायचा, पण बोलण्याचा सगळा ठेका तिच्याकडे. ज्वारीत उडीद दळून केलेली कळण्याची भाकर, त्यावर कच्च्या तेलाची धार आणि हिरव्या मिरचीचा ठेचा, एवढं पुढ्यात ठेवून ती साऱ्या गावाचा समाचार घ्यायची. ती भाकर मी आता पुण्यात करायला जाते तर सून विचारते, "आई, ही काळी का झाली?" काय सांगायचं तिला!

त्या उन्हाळ्यात मी मॅट्रिक पास झाले. गावातल्या मॅट्रिक झालेल्या मुली एका हाताच्या बोटांवर मोजून वर बोटं उरली असती. मराठीत, इतिहासात मी बरी होते. गणिताशी मात्र माझं भाऊबंदकीचं नातं, समोरासमोर आलो की दोघंही तोंड फिरवायचो. त्यात मी कशीबशी, मास्तरांच्या पुण्याईनं निघाले. बाबांनी निकाल ऐकला, "हं" म्हणाले आणि वावरात गेले. आत्या म्हणाली, "झालं, आता पोट्टी भाकरी पण इंग्रजीत थापन."

आठच दिवसांत मेहकरचा मामा आला. मामाचं मेहकरला धान्याचं दुकान. बोलतानासुद्धा तो दुकानात गर्दी असल्यासारखा ओरडायचा. त्यानं चपला काढायच्या आधीच बातमी सांगितली. मेहकरला नवं कॉलेज निघालंय, जिनिंगच्या जुन्या गोदामात. पुण्याकडचे प्रिन्सिपल आणलेत. जागा थोड्या, पोरं जास्ती, म्हणून प्रवेशाची परीक्षा ठेवलीय. पण त्यात एक गंमत आहे. "परीक्षा ज्याले द्याची त्यानं द्याची. नसन द्याची तर नको देऊ. घरचं एक मोठं माणूस घेऊन साहेबाले भेटाचं. घरच्या माणसानं सांगाचं पोरगं कसं हाय. साहेबाले पटलं का झालं नाव दाखल!"

बाबांच्या हातातला अडकित्ता थांबला. "परीक्षाच नाई त कॉलेज कायचं बे? उद्या म्हणतीन, पेरलं नाई तरी चालते."

आत्या म्हणाली, "काऊन? सैपाकाची कोणी परीक्षा घेते काय? खाऊन पायते. तसंच हाय हे."

पण खरी गोष्ट निराळीच होती. अकोटकडचं एक स्थळ दारात येऊन बसलं होतं. ओलिताची जमीन, बागायत, मुलाच्या मिशा सोडल्या तर नाव ठेवायला जागा नाही. माय काही बोलत नव्हती, म्हणजे तिच्या मनात मेहकर होतं. तिचं माहेर, आणि मी तिथं मामाकडे राहून शिकणार. बाबांनी दोन दिवस विचार केला आणि भाकरीचा तुकडा मोडता मोडता निकाल दिला, "कॉलेजनं घेतलं त शिक. नाई घेतलं त अकोटवाल्याइले हो कळवतो. मंग रडाचं नाई." मी मान हलवली. त्या रात्री धाब्यावर पडल्या पडल्या मला त्या मिशाच दिसत राहिल्या.

परीक्षा द्यायची की नाही, यावर गावात आठवडाभर काथ्याकूट झाला. हेडगुरुजी म्हणाले, "इंदू, परीक्षा दे. बिनपरीक्षेचा प्रवेश म्हणजे बिनमिठाचं वरण. पोट भरेल, पण लोक तोंड वाकडं करतील." गुरुजींचं खरं होतं, पण त्या परीक्षेत निम्मं गणित होतं. बाबांनी सरळ हिशोब मांडला: परीक्षेत नापास झाली तर गावभर होईल, बोलण्यात कोण नापास होतं? म्हणून आम्ही दुसरं दार धरलं. माझी नात आता परदेशातल्या कॉलेजात जायचं म्हणतेय. त्या लोकांनीही असंच ठेवलंय म्हणे, परीक्षेचे गुण पाठवायचे तर पाठवा, नाही तर राहू द्या. ती मला विचारते, "आजी, पाठवू की नको? नाही पाठवले तर त्यांना वाटेल कमीच असणार." मी म्हटलं, बाई गं, सोनाळ्यातही लोकांना हेच वाटलं होतं.

तयारी गोदाआत्यानं अंगावर घेतली, आणि तिला आयुष्यात एकाच प्रकारची तयारी ठाऊक होती. पोरगी चार मोठ्या माणसांना दाखवायची म्हटल्यावर आणखी काय? मला मायचं हिरवं लुगडं नेसवलं. मान खाली घालून हळू चालायला शिकवलं, "लंगडी नाई हे दिसलं पायजे." विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. साहेब लोकांसाठी चिवड्याचा डबा बांधला. निघताना मी विचारलं, "आत्या, त्याइनं भूगोल इचारला त?" ती म्हणाली, "खाली पाय अन् हास. भूगोलाचं मामा पाहून घेईन."

माय, बाबा, मी आणि चिवडा असे आम्ही एस.टी.नं निघालो. शेगाव, खामगाव करत, धुळीनं केस पांढरे करून मेहकरला पोचलो. मायला मामाच्या घरी सोडून दुसऱ्या दिवशी सकाळी मी, बाबा आणि मामा गोदामावर हजर. गोदामाच्या पत्र्याला अजून कापूस चिकटलेला होता. एका बाजूला परीक्षा द्यायला आलेली पोरं, बहुतेक वकिलांची आणि व्यापाऱ्यांची. पेनात शाई भरून, कडक इस्त्रीत. दुसऱ्या बाजूला, लिंबाच्या सावलीत, आम्ही बिनपरीक्षेवाले, आपापले बाप घेऊन. ती पोरं आमच्याकडे बघून हसत होती. मी मान खाली घालून हळू चालले, तर मागून एक जण म्हणाला, "हे लग्न इथं हाय काय बे?" मेल्याला पुढे मीच वर्षभर मराठीच्या नोट्स दिल्या.

साहेबांची खोली म्हणजे गोदामाला मध्ये पत्रा मारून केलेला कोपरा. आतलं सगळं बाहेर ऐकू यायचं. पहिला बाप आत गेला. साहेबांचा मऊ आवाज आला, "आपल्या मुलाबद्दल सांगा." बाप म्हणाला, "काय सांगू साहेब, निरा दगड हाय." दुसरा म्हणाला, "आळशी नंबर एक." तिसऱ्यानं तर पोराच्या पाठीत रट्टा घालूनच सुरुवात केली, "हे असं हाय पाहा, तुमीच पाहून घ्या." बाहेर बसलेले सगळे समाधानानं माना हलवत होते. रीतीनं चाललंय म्हणून. आणि आत साहेबांचा आवाज दर वेळी जरा आणखी पडत होता, "ठीक आहे. कळवू."

मग संग्रामपूरकडची एक बाई पोराला घेऊन आत गेली. रोजमजुरी करणारी असावी, हाताला भेगा होत्या. आत गेल्या गेल्या तिनं "जयभीम साहेब" म्हटलं आणि साहेबांनी विचारायच्या आतच सुरू केलं. "माह्या गौतमसारखा हुशार पोरगा आमच्या गावात नाई साहेब. दिवसा काम करते, दिव्याखाली वाचते. गावातल्या साऱ्याइची पत्रं तोच लिवते. याले घ्या, तुमाले पस्तावा होनार नाई." लिंबाखालच्या हलत्या माना थांबल्या. एक म्हातारा पुटपुटला, "माय माय, पोटच्या लेकराबद्दल असं कोणी बोलते काय!" आतून मात्र साहेबांचा आवाज एकदम खुलला, "बसा बाई, बसा. गौतम, उद्यापासून ये तू." मीही तेव्हा मनात म्हटलं होतं, काय ही बाई. पुढे गौतमशी ओळख झाली, त्याच्या मायच्या हातची भाकर खाल्ली, तेव्हा उमगलं. बाबांना गाव मानायचं. त्यांनी बैलाला मरतुकडा म्हटलं तरी बैलाचा भाव वाढायचा. तिच्या लेकराबद्दल तिनं चांगलं सांगितलं नसतं तर दुसरं कोण सांगणार होतं? आपल्या पोराला दगड म्हणायची चैन तिला परवडणारी नव्हती.

आमचा नंबर आला. साहेब पन्नाशीचे, चष्मेवाले, शर्टावर कापसाचे तंतू. चिवड्याचा डबा बघून ते गोंधळले. "आपल्या मुलीबद्दल सांगा," ते म्हणाले. बाबांनी फेटा सारखा केला. "काय सांगाचं साहेब. बयताड हाय. कामाची ना धामाची. दिवसभर पुस्तकात तोंड घालून बसते." साहेबांनी चष्मा काढून पुसला. "मग तिला कॉलेजात कशाला घालता?" रीत मोडून असा उलटा प्रश्न बाबांना आजवर कोणी विचारला नव्हता. ते म्हणाले, "मामानं सांगतलं म्हणून आलो." साहेबांनी पुढचा कागद ओढला आणि म्हणाले, "ठीक आहे. कळवू."

ते 'कळवू' ऐकलं आणि माझ्या डोळ्यांपुढे अकोटच्या मिशा उभ्या राहिल्या. आत्याची सगळी शिकवण घशातून खाली ढकलली आणि मी मान वर केली. "बाबा," मी म्हटलं, "आपला पवळ्या कसा हाय?"

बाबा चपापले, पण जीभ सवयीची. "पवळ्या? मरतुकडा हाय."

"साहेब," मी म्हटलं, "तो मरतुकडा शंकरपटात पहिला आला. लोक पैसे घेऊन दारात बसतात, हे देत नाहीत. आमच्याकडे चांगल्याला चांगलं म्हणत नाहीत, नजर लागते. सकाळपासून तुम्ही ज्यांना दगड आणि आळशी म्हणून घरी पाठवलं ना, ते सगळे पवळ्याच आहेत."

साहेबांच्या खांद्यांना हादरे बसू लागले, आणि ते असे हसले की पत्र्यापलीकडे परीक्षा देणारी पोरं लिहायची थांबली. हसून झाल्यावर ते उठून दारात गेले आणि बाहेर ओरडले, "अहो, कोणी जाऊ नका! सगळे परत या! पुन्हा भेटायचं आहे!" निम्मे बाप बसस्टँडच्या वाटेला लागले होते, त्यांना बोलवायला मामा धावला. त्याचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा उपयोगी पडला.

साहेब परत खुर्चीत बसले. मला वाटलं, झालं काम. पण ते बाबांना म्हणाले, "पवळ्याचं समजलं. आता एकदा सरळ भाषेत सांगा, मुलगी कशी आहे? तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी कसं घेऊ?" बाबांनी माझ्याकडे पाहिलं, छपराकडे पाहिलं. शंकरपटात पवळ्या सुटायच्या आधीसुद्धा बाबा इतके घाबरलेले मी पाहिले नव्हते. शेवटी त्यांनी खाकरून म्हटलं, "तू भायेर जाय."

"बाबा..."

"जाय म्हनलं ना. अन् लिंबाखाली जाऊन उभी राय. पत्र्याजोळ नाई."

मी लिंबाखाली जाऊन उभी राहिले. बाबा इतक्या हळू बोलत होते की तिथवर काही ऐकू येत नव्हतं, फक्त दारातून बाबांची पाठ दिसत होती. एक हात हवेत हलत होता. बराच वेळ हलत होता. बाबा एवढा वेळ बोलू शकतात हे मला ठाऊकच नव्हतं. बाहेर आले तेव्हा चेहरा असा, की जणू भर बाजारात फेटा पडलाय. मामानं विचारलं, "काय झालं?" बाबा म्हणाले, "घेतली म्हणते," आणि चालू लागले.

पुढची गंमत म्हणजे वर्गात आमच्या दोन जाती पडल्या, परीक्षावाले आणि बिनपरीक्षेवाले. परीक्षावाले पुढच्या बाकांवर, आम्ही मागे. काही चुकलं की पुढून आवाज यायचा, "जाऊ दे, बिनपरीक्षेची हाय." वर्षाअखेर कोण कुठे होतं हे सांगत बसत नाही. पुढचे काही घसरले, मागचे काही चढले, आणि गौतम सगळ्यांच्या पुढे गेला. माझं गणित शेवटपर्यंत गणितच राहिलं. मी मराठीची मास्तरीण झाले आणि ज्या पोरांना त्यांच्या बापांनी दगड म्हणून माझ्यासमोर उभं केलं, त्यांना मी आधी पुढच्या बाकावर बसवलं. कॉलेज सोडताना मी साहेबांना विचारलं होतं, "सर, त्या दिवशी बाबा काय बोलले?" ते म्हणाले, "तुझ्या वडिलांना मी शब्द दिलाय. ते सांगायचं नाही." मायला ठाऊक नव्हतं, मामाला नव्हतं. दोघंही गेले, बाबा गेले, सरही गेले, आणि ते बोलणं त्यांच्याबरोबरच गेलं. आधी मला त्याची फार चुटपुट लागायची.

आता लागत नाही, कारण त्या संध्याकाळचं मला लख्ख आठवतं. मामाच्या घरी आनंदीआनंद. मामीनं वरण-बट्टी केली होती, वांग्याची भाजी, वर तुपाची धार. मामा शेजाऱ्यांना ओरडून बातमी सांगत होता. बाबा मात्र ताटावर बसून घास चिवडत होते. माय म्हणाली, "जेवा ना, आता काय झालं?" मग हळूच, मला ऐकू जाऊ नये अशा बेतानं, पण मी शेजारीच होते, ते मायला म्हणाले, "जेवण राहू दे. आधी पोट्टीची नजर काढ."

"कोनाची लागली? कोन काय म्हनलं?"

"लोकाइची नाई," बाबा म्हणाले. "माहीच लागली असन आज."

मायनं एकदा बाबांकडे पाहिलं आणि उठली. मीठ-मोहरी घेतली, मूठभर लाल मिरच्या घेतल्या, मला चुलीपुढे बसवलं, उतरवलं आणि सगळं विस्तवात टाकलं. मिरच्या जळून काळ्या झाल्या. मामीनं पदर नाकाला लावून ठेवला होता, तो तिनं हळूच काढला. एवढ्या मिरच्या, आणि घरात एकालाही ठसका लागला नाही. "माय वो," मामी म्हणाली, "केवढी कडक लागली होती!"

बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मग नेहमीच्या आवाजात हाक आली, "ए बयताडे, पाणी आन." मी धावत जाऊन आणलं. त्यानंतर आयुष्यभर त्यांनी मला याच नावानं हाक मारली, आणि दुसऱ्या कुठल्या नावानं मारली असती तर मला वाईट वाटलं असतं.